थंब मशीन अंगठा घेत नाही आणि पगार कामगाराचा कापायलेत, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेबर लॉ किंवा एचआरचं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी प्लीज सांगा. थंब मशीननं अंगठा घेतला नाही म्हणून लेट मार्क पडतो आणि तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, हे कायद्यात बसतं का? आणि बसत नसेल तर कुणाची नोकरी न घालवता हे थांबवायचं कसं?

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डाइंगला (सूत रंगवायच्या खात्यात) सुपरवायझर आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, विचारू पण नका. आधी गेटवर वही होती, वॉचमन नाव लिहायचा, कामगार सही करायचा, विषय संपला. दिवाळीनंतर नवीन एचआर साहेब आले आणि त्यांनी थंब मशीन बसवलं. ऑफिसवाल्यांना काहीच त्रास नाही, त्यांचा अंगठा लगेच उठतो. त्रास आहे आमच्या डाइंग आणि ब्लीचिंगच्या लोकांना. दिवसभर कॉस्टिक, पेरॉक्साइड, गरम पाणी, हायड्रोमधून (पाणी काढायच्या मशीनमधून) ओलं सूत उपसायचं, हातमोजे देतात पण ते लवकर फाटतात आणि नवीन मागायला गेलं की स्टोअरवाला मागच्या महिन्याचा हिशोब काढून बसतो. बऱ्याच जणांच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत, मशीन घेणार काय?

एक मामा आहेत आमच्याकडे, नीलम नगरहून सायकलवर येतात, सातच्या शिफ्टला पावणेसातलाच गेटवर हजर असतात. अंगठा ठेवतात, लाल लाइट, मशीन म्हणतं प्लीज ट्राय अगेन. पँटला पुसून परत ठेवतात, परत लाल. मग अंगठा डोक्याच्या केसांतून फिरवतात, तेल लागलं की उठतो म्हणून, कधी उठतो कधी नाही. मागं लाइन लागलेली असते, पोरं ओरडायला लागतात, मामा बिचारे बाजूला होतात आणि सगळे आत गेले की परत मशीनपुढं येतात. तोवर सात दहा झालेले असतात, पडला लेट मार्क. मामा माझ्या डोळ्यांसमोर गेटवर उभे आहेत आणि कागदावर उशिरा आलेत, हे मला अजिबात सहन होत नाही.

आता पैशाचं बघा. मामांचा रोज ४८० रुपये, आठ तासांचा, म्हणजे तासाला ६०. दहा मिनिटं उशीर धरला तरी दहा रुपये होतात, तीन वेळा झाला तर तीस. आणि कापतात २४०! मागच्या महिन्यात दोनदा कापले, म्हणजे पूर्ण एक दिवस गेला. शिवाय त्या दहा मिनिटांचं काम संध्याकाळी थांबून भरून देतात ते वेगळंच, मशीनमधला लॉट अर्धवट सोडून कोणी घरी जात नाही.

मी साहेबांना जाऊन सांगितलं, म्हणाले मशीन खोटं बोलत नाही, तुमच्या लोकांना शिस्त नको आहे. मी म्हटलं सर गेटवर सीसीटीव्ही आहे, एकदा फुटेज बघा कोण किती वाजता आलंय. तर म्हणे रोज फुटेज बघायला वेगळा माणूस ठेवू का. मोठे शेठ पूर्वी रोज शेडमध्ये चक्कर मारायचे, नावानं हाक मारायचे, त्यांच्यापर्यंत गोष्ट गेली असती तर तिथल्या तिथं मिटली असती, पण आता ते कारखान्यात येतच नाहीत.

आता लोक तापलेत. म्हणायलेत एक दिवस सगळेच आत यायचं आणि मशीनला हात लावायचा नाही, काम पण नाही. यात बरेच जण कॉन्ट्रॅक्टवरचे आहेत, उद्या काही झालं तर पहिल्यांदा त्यांनाच घरी बसवतील. मला दोन्हीकडून ऐकावं लागतंय, त्याचं काही नाही, पण यांचं नुकसान नको व्हायला. काय करू सांगा.

प्रतिसाद १

दादा, पुण्यात लेबर कोर्टाची कामं बघतो त्यामुळं लिहितोय. पहिलं सांगतो, तीन लेट मार्कला अर्धा दिवस हे बहुतेक कंपन्यांत चालतं म्हणून लोकांना कायदेशीर वाटतं, पण आधीच्या वेतन प्रदान कायदा १९३६ च्या कलम ९ मध्ये स्पष्ट होतं की जेवढा वेळ माणूस गैरहजर तेवढ्याच वेळेचा पगार कापता येतो, त्याच्यापेक्षा जास्त नाही. २०२५ पासून त्याच्या जागी नवीन वेतन संहिता लागू झालीय, तिच्यातही हाच नियम ठेवलाय. म्हणजे तुमचा तीस रुपयांचा हिशोब बरोबर आहे, आणि मामा वेळेवर आलेच असतील तर तीस पण नाही. उरलेली रक्कम दंड म्हणून कापली असं म्हणतील तर दंडाचे नियम वेगळे आहेत, कोणत्या गोष्टीला दंड हे आधी लावलेलं पाहिजे, कामगाराला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, रजिस्टरमध्ये नोंद पाहिजे आणि त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर दंड जाता कामा नये.

पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते एक दिवस काम बंदचं आधी थांबवा. त्याच नियमात आहे की दहा किंवा जास्त जण मिळून, नोटीस न देता आणि वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले तर, नोकरीच्या अटीत तसं असेल तर, आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. आत येऊन काम न करणं पण गैरहजेरीच धरतात. आज २४० साठी भांडताय, उद्या आठ दिवसांचे जातील आणि साहेबांना आयता मुद्दा मिळेल.

प्रतिसाद २

मी अशी मशीन बसवायचं काम करतो. साहेबांना सांगा मशीन खोटं बोलत नसेल पण बोट वाचता आलं नाही तर ते गप्प बसतं, दोन्हीत फरक आहे. ओल्या आणि झिजलेल्या बोटांना हा प्रॉब्लेम सगळीकडे येतो. तुमच्याकडं कापसाची बारीक धूळ पण असणार, काचेवर बसते, रोज सकाळी मऊ कोरड्या कपड्यानं पुसायला लावा. प्रत्येकाचं एकच बोट घेतलं असेल तर दोन्ही हातांची तीन-चार घ्या, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कमी झिजतं. आणि हे विचारा, त्याच मशीनला कार्डची किंवा पासवर्डची सोय आहे का. बऱ्याच मॉडेलला असते, फक्त ॲडमिन मेनूतून चालू करावी लागते. चेहऱ्यावरून हजेरीची मशीन पण मिळतात. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याला सरकारनं २०२१ पासून चेहरा चालवलाय तो याच कारणानं, म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उठत नाहीत.

प्रतिसाद ३

विडी घरकुलमधून लिहितेय. माझी आई विडी वळते, तिचा अंगठा रेशन दुकानात पण उठत नाही. दुकानदार ओटीपीवर धान्य देतो, परत पाठवत नाही. एवढं रेशनवाला करतो तर कारखान्यानं का करू नये? दादा मामांना सोडू नका प्लीज.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ते आठ दिवसांचं मला माहीत नव्हतं, आज दुपारच्या सुट्टीत लोकांना वाचून दाखवलं, निम्म्यांना तेलुगूत समजावून सांगावं लागलं, तूर्त काम बंदचा विषय मागं पडलाय. मशीनवाल्या दादांचं पण लगेच केलं, काच पुसली, कार्डचा ऑप्शन आहे आमच्या मशीनला, फक्त पासवर्ड साहेबांकडं आहे. आता दोन गोष्टी ठरवल्यात. गेटवर वॉचमनची जुनी वही परत सुरू करायची, ज्याचा अंगठा उठला नाही त्यानं वेळ टाकून सही करायची आणि खाली मी सही करणार. आणि साहेबांना लेखी अर्ज द्यायचा, कार्ड चालू करा आणि कापलेले पैसे परत द्या म्हणून.

ताई, मामांना सोडत नाही, काळजी करू नका.

प्रतिसाद १ वाल्या दादांना अजून विचारायचंय, अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी एकत्र द्यावा का प्रत्येकाचा वेगळा? सुपरवायझर म्हणून माझी सही त्यावर असली तर चालते का? आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांचा अर्ज कंपनीला द्यायचा का ठेकेदाराला?

प्रतिसाद १

वेगवेगळा द्या, प्रत्येकाची तारीख आणि रक्कम वेगळी आहे, पगाराची स्लिप जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा अर्ज ठेकेदाराला आणि प्रत कंपनीला, कारण ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य कंपनीवर जबाबदारी येते. तुमची सही अर्जावर नको, तुम्ही वहीवर करताय तीच साक्ष म्हणून जास्त कामाची आहे. उत्तर नाहीच आलं तर सहाय्यक कामगार आयुक्तांचं ऑफिस, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो. स्लिपवर कपात कोणत्या नावाखाली दाखवलीय तेवढं बघून इथं टाका, त्यावरून अर्जाचा मजकूर लिहून देतो.