प्रतिसाद: ग्लासगोला एक दिवस पुरेल का?

स्कॉटलंडच्या सहलीत ग्लासगोला एक दिवस पुरेल का, या प्रश्नावर वर कोणीतरी 'ग्लासगोत काय आहे, एडिनबर्गलाच राहा' असा सल्ला दिलाय. तो मला पटला नाही. रेल्वे-ट्रामचं वेड असेल तर ग्लासगोच.

तिथली भुयारी रेल्वे १८९६ची. एकच वर्तुळ, १५ स्थानकं आणि डबे इतके बुटके की उंच माणसाने मान सांभाळावी. १९३५पर्यंत गाड्यांना स्वतःचं इंजिन नव्हतं. रुळांमधून सतत फिरणाऱ्या पोलादी दोराला पकडून त्या धावायच्या. दुरुस्तीसाठी डबा हवा असेल तर शहरातल्या गोवन भागातल्या कारखान्यात तो क्रेनने चक्क वर उचलून घ्यायचे. हे सत्तरच्या दशकापर्यंत चाललं! जुने डबे, ट्राम आणि ग्लासगोच्याच पोलमडी भागात १९४५ साली बांधलेलं दक्षिण आफ्रिकेचं अजस्र वाफेचं इंजिन रिव्हरसाइड संग्रहालयात आहे. प्रवेश फुकट. इमारत वास्तुविशारद झहा हदीद यांनी रचलेली. मला बाहेरून फारशी भावली नाही, पण आत अर्धा दिवस सहज जातो. आपल्याकडच्या रेल्वेलाही या शहराने ढिगाने इंजिनं पुरवली, त्यामुळे थोडी आपुलकी वाटतेच.

संध्याकाळी सेंट्रल स्टेशनजवळ ड्रुरी स्ट्रीटवरचा हॉर्सशू बार गाठा. नावाप्रमाणेच घोड्याच्या नालेच्या आकाराचा लांबलचक काउंटर. टेबलावर कोणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नका, काउंटरवर जाऊन मागा. प्रत्येक स्थानकाला उतरून एकेक पेय घेण्याची 'सबक्रॉल' नावाची प्रथाही आहे, पण १५ म्हणजे जरा जास्तच. तीन-चार स्थानकं करा. रविवारी मात्र भुयारी गाडी लवकर बंद होते, वेळ आधी बघून घ्या.