‘लाइन’ला मराठीत काय म्हणायचं?

‘लाइन’ला चांगला मराठी शब्द सुचवा, असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठली लाइन? तिकिटाची असेल तर रांग, कवितेची ओळ, वहीतली रेघ. इथवर सोपं आहे. पण ‘मुलगा कुठल्या लाइनला आहे?’ यातली लाइन म्हणजे कामधंदा. मराठवाड्यात ‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली; पुण्या-मुंबईत जाते ती लाइट. आणि ‘लाइन मारणे’ला प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत कोणी पडूच नये.

हे अर्थ एकाच दारानं आलेले नाहीत. छावणीतल्या बराकींच्या रांगा म्हणजे ‘लाइन्स’. त्या वळणावर गावोगावी पोलीस लाइन झाली. मुंबईचं मरीन लाइन्स स्टेशनही मरीन बटालियनच्या वस्तीवरून. मी कित्येक वर्षं समुद्रकाठची रेघ समजत होतो. पुढे रेल्वेनं आपली लाइन आणली, विजेनं आपली.

गंमत विभक्तीत आहे. रांगेची लाइन पुरती मराठी झाली: ‘लायनीत उभा राहा’, अगदी ‘ओळीत’सारखं. पण ‘हार्बर लायनीला राहतो’ असं कोणी म्हणत नाही, तिथे ‘हार्बर लाइनला’च. म्हणजे एकच शब्द एका अर्थानं घरचा, दुसऱ्या अर्थानं अजून पाहुणा.

मुळात हा शब्द जवसाचा! लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस, त्याच्या धाग्याचा दोरा तो ‘लिनिया’. लिननचं कापड त्याच घराण्यातलं, आणि बॅटला पाजतात ते लिनसीड तेलही. इंग्रजीत दोऱ्याचा अर्थ अजून जिवंत आहे: गळाची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, गवंड्याचा ओळंबा, सगळ्यांच्या नावात लाइन. नेमका हाच अर्थ आपण उचलला नाही. आपल्याकडे दोरी होती, ओळंबा होता, सूत होतं.

आणि सुतानं इथे तेच केलं जे लाइननं तिकडे केलं. सुतार म्हणजे सूत्रधार, सूत धरून सरळ रेघ मारणारा. भिंत सुतात असते. वाह्यात पोराला आजी ‘सुतासारखा सरळ करते’. त्याच पोराला बाप ‘लाइनीवर आणतो’.