ब्रिटनचा १९४७ चा शेती कायदा: शेतमजुराच्या पदरी काय पडले?

प्रश्न (शिवारवाचक)
एडविन गूच हे १९२८ पासून ब्रिटनच्या शेतमजूर संघटनेचे अध्यक्ष होते, आणि १९४५ पासून १९६४ मध्ये निधन होईपर्यंत नॉर्थ नॉरफोकचे मजूर पक्षाचे खासदारही होते. १९४७ च्या शेती कायद्याने शेतकऱ्याला हमीभाव मिळाला हे कळते. पण गूच ज्यांचे प्रतिनिधी होते, त्या मजुरांना त्यातून काय मिळाले, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (जुनी नोंदवही)
आधी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धानंतर दिलेली धान्याच्या भावाची हमी सरकारने १९२१ मध्ये काढून घेतली होती, आणि तो विश्वासघात शेतकरी विसरले नव्हते. युद्धकाळात कधीही रेशनवर नसलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला. आयातीसाठी डॉलर नव्हते. अशा वेळी कृषिमंत्री टॉम विल्यम्स यांनी, जे पूर्वी कोळसा खाणीत कामगार होते, गहू, बटाटा, साखरबीट, दूध, अंडी, मांसाची जनावरे इत्यादींना हमीभाव देणारा कायदा आणला. दरवर्षी फेब्रुवारीत उत्पादन खर्चाचा आढावा घेऊन भाव ठरत.

उत्तर (बांधावरून)
मूळ प्रश्न मजुरांचा आहे. कायद्याच्या पहिल्याच कलमात शेतकऱ्यांबरोबर मजुरांच्याही योग्य मोबदल्याचा व राहणीमानाचा उल्लेख आहे. तरीही भाव ठरवताना सल्लामसलत करायची होती ती उत्पादकांच्या प्रतिनिधींशी. मजुरी ठरवणारे मंडळ वेगळे होते. तिथे मजुरी वाढली की ती आढाव्यात खर्च म्हणून धरली जाई, त्यामुळे मजुराचा फायदा झाला तो असा आडमार्गाने. माझ्या मते खरे दुखणे घराचे होते. मालकाने नोकरीबरोबर दिलेल्या घरात मजूर राही, आणि नोकरी सुटली की बायकामुलांसह त्याला ते रिकामे करावे लागे. मालकाशी मजुरीवरून भांडणाऱ्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम असे. गूच यांच्या संघटनेने ही पद्धत रद्द करण्याची मागणी वर्षानुवर्षे केली, पण पंतप्रधान ॲटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारने ती मानली नाही. या मजुरांना घराचे संरक्षण देणारा कायदा १९७६ मध्ये, म्हणजे गूच यांच्या निधनानंतर १२ वर्षांनी झाला.

उत्तर (कूळवहिवाट)
वरील मताशी सहमत आहे, पण शेतकऱ्यालाही सगळे फुकट मिळाले नव्हते. नीट मशागत न करणाऱ्यावर जिल्हा समिती देखरेख बसवू शके, आणि सुधारणा न झाल्यास जमिनीवरून काढूही शके. हे अधिकार १९५८ मध्ये रद्द झाले, हमीभाव मात्र चालू राहिले. त्याआधी, एप्रिल १९५० मध्ये, शेतकऱ्यांचे फाजील लाड होत असल्याचे जाहीरपणे म्हणणारे अन्न खात्याचे संसदीय सचिव स्टॅन्ली इव्हान्स यांना राजीनामा द्यावा लागला. मजूर पक्षाला ग्रामीण मतदारसंघ किती जपावेसे वाटत होते, हे यावरून दिसते. त्या मतदारसंघांत मजुरांची मतेही होती, तरी घराचा प्रश्न तेवढा मागे पडला. मंत्रिमंडळाला धान्याची निकड होती आणि ते पिकवणाऱ्या मालकाला दुखवायचे नव्हते, एवढेच कारण मला दिसते.