सल्ला हवा: कवटीच्या तळाशी मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ). ऑपरेशन, गॅमा नाइफ (नेमक्या जागी जोरदार किरण) की ३० शेक (रोज थोडे थोडे किरण)?

प्रवराकाठ: आई, वय ६४, मधुमेह. उजव्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी असलेली रक्ताची पोकळी) आणि थोडी बाहेर अशी २.४ सेंमीची गाठ. डोळ्याच्या नसेपासून अंतर १ मिमी. उजवा गाल दोन वर्षांपासून बधिर, तेवढाच. नजर आणि पेरिमेट्री (नजरेच्या कक्षेची तपासणी) नॉर्मल. मेडिक्लेम नाही, बजेट ४ लाख. मुंबई-पुण्यात काय करावं?

वाघोलीकर: डोळे मिटून गॅमा नाइफ घ्या. चीर नाही, एक-दोन दिवसांत घरी. ग्रेड १ च्या (सौम्य) गाठीला कडेशी १२ ते १४ ग्रे (किरणांच्या डोसचं माप) पुरतात आणि ३ सेंमीच्या आतली गाठ त्यात आरामात बसते.

मंदार_एमपी: अंतर वाचलंत का? एका बैठकीत डोळ्याच्या नसेवर ८ ते १० ग्रेच्या वर जायचं नसतं. गाठीच्या कडेच्या १३ वरून नसेच्या ८ वर उतरायला २-३ मिमी मोकळी जागा लागते, इथे १ आहे. जबरदस्तीने बसवायचं तर गाठीची तीच कड उपाशी ठेवावी लागते आणि पुढे वाढ तिथूनच होते. या केसला रोज १.८ ग्रे असे ३० शेक, म्हणजे ५४ ग्रे. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. साध्या लिनॅकवर (किरणांचं नेहमीचं मशीन) होतं. फक्त डोकं स्थिर ठेवणारा मास्क घट्ट हवा आणि प्लॅनिंगचा सीटी व एमआरआय दोन्ही १ मिमीच्या कापांचे.

डी_के_पाटील: शेकाने गाठ जात नाही, थांबते. मुळासकट काढा. सिम्पसन या सर्जनने १९५७ मध्येच दाखवलं की चिकटलेल्या ड्युरा (मेंदूचं बाहेरचं आवरण) आणि हाडासकट काढली तर परत येण्याचं प्रमाण ९ टक्के, ड्युरा नुसता जाळला तर १९.

शुभांगी_न्यूरो: पाटीलसाहेब, ते आकडे सीटी-एमआरआय यायच्या आधीचे आहेत. आणि कॅव्हर्नस सायनसमध्ये ड्युरा काढणार कुठून? आत कॅरॉटिड (मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी) आहे, तिच्या बाजूने ३, ४, ६ नंबरच्या नसा आणि पाचवीच्या दोन फांद्या. आत खरवडलं की पापणी पडते, डोळा फिरत नाही, एकाचे दोन दिसतात, आणि हे बऱ्याचदा कायमचं. म्हणून बाहेरचा भाग काढतात, आतला ठेवून शेकतात.

ऑपरेशन करायचंच झालं तर हेतू एकच: डोळ्याची नस मोकळी करणं. त्यासाठी अँटीरियर क्लिनॉइड (नसेशेजारचं हाडाचं टोक) घासून नसेचं छप्पर उघडतात. ड्रिलवर पाण्याची धार सतत हवी, नुसत्या उष्णतेनेही नस जाते. आधी हाडाचा सीटी बघून क्लिनॉइड पोकळ आहे का ते विचारा. पोकळ असेल तर तिथून स्फिनॉइड सायनस (नाकामागची हवेची पोकळी) उघडतं आणि नाकातून सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) गळतं. स्नायू किंवा चरबी आणि फायब्रिन ग्लूने ते बुजवावं लागतं. पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाणी टपकलं तर त्याच दिवशी कळवायचं.

नेरूळ_११: खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या ॲक्ट्रेकमध्ये प्रोटॉन (नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांचे शेक) आहे. तेच घ्या, पैशाचं नंतर बघता येईल.

मंदार_एमपी: बजेट ४ लाख लिहिलंय. प्रोटॉनने मेंदूच्या इतर भागांना पडणारा डोस कमी होतो, तरुण रुग्णात त्याला अर्थ आहे. पण १ मिमीवरची नस प्रोटॉन असो वा साधे शेक, जवळजवळ पूर्ण डोसच घेणार. ६४ व्या वर्षी त्यासाठी कर्ज काढू नका.

नेरूळ_११: पिट्युटरीचं (मेंदूच्या तळाची हार्मोन-ग्रंथी) काय? ती पण शेजारीच आहे.

मंदार_एमपी: बरोबर. म्हणून शेकानंतर दरवर्षी सकाळचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी-४ (हार्मोनच्या रक्ततपासण्या) करायचं. नुसतं टीएसएच (थायरॉइडची नेहमीची तपासणी) फसवतं, पिट्युटरी मंदावली तरी ते नॉर्मल दिसू शकतं.

वाघोलीकर: +१ गॅमा नाइफ. पाच बैठकांत विभागून २५ ग्रे असाही प्रकार आहे, त्यात नसेला सवलत मिळते.

शुभांगी_न्यूरो: हो, हा पर्याय मात्र विचारण्यासारखा आहे. प्रवराकाठ, जुना स्कॅन आहे का? आणि आई प्रोजेस्टेरॉनची (स्त्री-हार्मोन) कुठली औषधं किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन बरीच वर्षं घेत होत्या का? अजून चालू असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून बंद करता येईल का ते बघा, काही गाठी त्यानंतर थांबतात.

लीलाताई_सातारा: फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. कोणतं पॅकेज बसतं ते दाखल व्हायच्या आधी आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) लिहून घ्या. आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) सुरू झालं की साखर चढते. रोज चार वेळा मोजा, इन्सुलिनची तयारी ठेवा, आणि डेक्सामेथासोन एकदम थांबवू नका.

प्रवराकाठ: हार्मोनचं औषध कधीच नव्हतं. चक्कर येत होती तेव्हाचा ४ वर्षांपूर्वीचा एमआरआय सापडला, त्यात २.२ लिहिलंय. आम्ही सध्या ऑपरेशनही नाही, शेकही नाही असं ठरवलंय. सहा महिन्यांनी एमआरआय, दर तीन महिन्यांनी पेरिमेट्री. आईचीही तीच इच्छा आहे.

डी_के_पाटील: चूक करताय. १ मिमी पण उरलं नाही तर नजर जाईल, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही.

मंदार_एमपी: मी आत्ताच शेक घेतले असते. पण थांबणार असाल तर जुना स्कॅन किती जाडीच्या कापांचा आहे ते बघा. ५ मिमीच्या कापांत २ मिमीचा फरक मोजण्यातलाच असू शकतो. पुढचा एमआरआय त्याच सेंटरला, कॉन्ट्रास्टसह (गाठ उठून दिसायला शिरेतून दिलेलं औषध), १ मिमी कापांचा काढा आणि फिल्म नको, सीडी घ्या. लाल रंग फिका दिसला, एका डोळ्याने अंधुक दिसलं किंवा एकाचे दोन दिसले तर तारखेची वाट बघायची नाही.

प्रवराकाठ: रोज एकेक डोळा झाकून लाल झाकण बघायला आईला सांगितलंय. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून मग कॉन्ट्रास्टची तारीख घेतो.