ग्रॅज्युएट व्हिसा संपत आलाय, कंपनी म्हणते ‘नंतर बघू’

कावेरी२५:
नमस्कार. मँचेस्टरमध्ये स्ट्रक्चरल इंजिनियरिंगचं एमएससी केलं, आता एका लहान फर्ममध्ये ३४,००० पौंडांवर आहे. ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर इथे ब्रिटनमध्ये काम करू देणारा) सात महिन्यांत संपतो. पुढच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसाला, वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो असं वाचलं आणि हातपायच गळाले. मॅनेजरना दोनदा विचारलं, ‘नंतर बघू’ म्हणाले. थांबू की दुसरीकडे अर्ज टाकू?

लीड्सकर:
आधी पगाराचं, कारण झोप त्यानेच उडते. ४१,७०० हा जुलै २०२५पासूनचा सर्वसाधारण आकडा. ग्रॅज्युएट व्हिसावरून येणारे ‘न्यू एन्ट्रंट’मध्ये, म्हणजे नवख्यांच्या सवलतीत बसतात: किमान ३३,४०० किंवा तुमच्या ऑक्युपेशन कोडच्या (कामाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) गोइंग रेटच्या, म्हणजे त्या कामासाठी ठरलेल्या पगाराच्या, ७० टक्के, यांत जे जास्त ते. तेव्हा तुमचं जमण्यासारखं आहे. पण ही सवलत ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ धरून चारच वर्षं. दोन या व्हिसातच सरतील, दोनच उरतील. पुढच्या पगारवाढीचं आत्ताच बोलून ठेवा.

आता ‘नंतर बघू’चं. माझ्या पहिल्या कंपनीत दीड वर्ष मी हेच ऐकलं. मॅनेजर भला माणूस, त्याला खरंच वाटायचं की होईल. व्हिसाला नऊ आठवडे उरले तेव्हा एचआरकडून कळलं, परदेशी माणसाला व्हिसासाठी स्पॉन्सर करायचं लायसन्सच कंपनीकडे नाही. ते मिळायलाच आठेक आठवडे जाऊ शकतात, आणि त्यांची तयारीही नव्हती. दुसरी नोकरी मिळेपर्यंत घरी फोन करायचं टाळत होतो, आईला आवाजावरून कळलं असतं.

म्हणून आज रात्रीच होम ऑफिसची (ब्रिटनचं गृहखातं) लायसन्सधारक स्पॉन्सर्सची यादी उतरवून घ्या. पाटीवरचं नाव शोधू नका, पेस्लिपवरचं नोंदणीकृत नाव शोधा. नाव सापडलं तरी ‘रूट’चा (कोणत्या प्रकारच्या व्हिसासाठी लायसन्स आहे त्याचा) रकाना वाचा, तिथे ‘स्किल्ड वर्कर’ असायला हवं. आणि अर्ज दुसरीकडेही टाकत राहा, थांबू नका.

शमा_बी:
लायसन्सची फी, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची (व्हिसा अर्जासाठी कंपनी देते ते स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र) फी आणि स्किल्स चार्ज (परदेशी कामगार घेतल्याबद्दलचा सरकारी आकार) कंपनीनेच भरायचे असतात, तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत. कुणी ‘पगारातून कापू’ म्हणालं तर मान डोलावू नका. व्हिसा फी आणि वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) मात्र कंपनी देईलच असं नाही, ते साठवायला लागा.

कावेरी२५:
यादी पाहिली. पाटीवरच्या नावाने काहीच नव्हतं, पेस्लिपवरच्या नावाने सापडलं! पण रूट ‘ग्लोबल बिझनेस मोबिलिटी’ (परदेशी शाखांतून माणसं इथे आणायचा) आहे. म्हणजे पुन्हा शून्यापासून?

लीड्सकर:
नाही हो. असलेल्या लायसन्सवर नवा रूट जोडून घेता येतो. मॅनेजरना सोडा, थेट एचआरला मेल करा: रूट कधी जोडणार, सर्टिफिकेट कधी देणार, कोड कोणता. उत्तर लेखी मागा. व्हिसा संपायच्या आत तुमचा अर्ज गेला की निकाल लागेपर्यंत इथे राहता येतं, म्हणून ती तारीख मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा.