दुकानात 'आमची आवड' कप्पा लावायचाय, चार पुस्तकं सुचवा (बजेट २०००)

ऐरोली_ते_ठाणे
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. दोन महिन्यांपासून ठाण्यात एका पुस्तकांच्या दुकानात कामाला लागलेय, नाव नको, नौपाड्यात आहे एवढं पुरे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, तर मालकांनी डोक्यात घेतलंय की गल्ल्यासमोरचा कप्पा रिकामा करायचा आणि आम्ही तिघं जे कामाला आहोत त्यांनी तिथे आपापल्या आवडीची चार चार पुस्तकं मांडायची. एक कादंबरी, एक चरित्र किंवा आत्मचरित्र, एक मुलांचं आणि एक काहीही. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी अडकवायची, का आवडलं त्याची. दुकानात नसेल ते मागवायला माझ्या वाट्याला २००० रुपये, प्रत्येकाच्या तीन तरी प्रती हव्यात.

आता खरी अडचण. मी आयुष्यात मन लावून वाचल्यात त्या फक्त नारायण धारपांच्या भयकथा. आजोबांची ट्रंकभर पुस्तकं होती त्यातून लागलेली सवय. दुकानातल्या काकांनी काजळमाया आणि युगांत आधीच बुक करून टाकलंय, आणि माझी चिठ्ठी त्यांच्या शेजारी लागणार. शनिवारपर्यंत यादी द्यायचीय. कुणी दुकानात काम केलेलं असेल तर प्लीज सांगा.

घोडबंदरचा_वाघ
अरे भावा सोपं आहे. तुंबाडचे खोत, दोन्ही खंड. कोकणातल्या एका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या. बाकीच्या तीन जागा रिकाम्या राहिल्या तरी चालतील. मी दोनदा वाचलंय, दुसऱ्यांदा लॉकडाऊनमध्ये सात दिवसांत संपवलं.

ऐरोली_ते_ठाणे
भावा नाही, ताई म्हणा :) आणि दोन जाड खंडांच्या तीन तीन प्रती २००० मध्ये कशा बसवू?

घोडबंदरचा_वाघ
सॉरी ताई. मालकांना सांग बजेट वाढवा.

गल्ल्यावरची_मावशी
वाशीला नऊ वर्षं गल्ला सांभाळलाय म्हणून तुंबाडचे खोत वर बोलते. तुंबाड सिनेमा २०२४ ला परत थेटरात लागला ना, तेव्हा कॉलेजची पोरं यायची, 'ते तुंबाडचं पुस्तक आहे का'. आमच्याकडचा नवा मुलगा अगदी आनंदाने दोन्ही खंड काढून द्यायचा. चार दिवसांनी एक पोरगा परत आला, म्हणतो मावशी पहिला खंड अर्धा झाला, सिनेमातला तो राक्षस हस्तर कधी येतो? आता काय सांगू त्याला. सिनेमाला नाव मिळालं श्री. ना. पेंडशांच्या या पुस्तकावरून, भीतीचं बीज मात्र धारपांच्या कथेतलं. परत घेतले मुकाट, कव्हरला चहाचा डाग लागलेला तरी. सांगायचा मुद्दा, तू धारप वाचलेस यात लाजण्यासारखं काही नाही गं, त्या पोराला त्या दिवशी तूच हवी होतीस.

डावखुरा
धारप म्हणजे स्टीफन किंगची कॉपी, हे कोणीतरी बोलायलाच हवं. लुचाई घ्या आणि सेलम्स लॉट घ्या, शेजारी ठेवा.

पाचपाखाडीकर
आले. दर धाग्यावर येतात. इंग्रजी येत नसलेल्या माणसाने १९८० च्या आसपास तालुक्याच्या वाचनालयात बसून पिशाच्च वाचलं ते धारपांमुळे. वाडा आपला, माणसं आपली, देवघर आपलं, भीती पण आपली वाटते. कॉपी करून एवढं जमत असेल तर करून दाखवा.

डावखुरा
मूळ लेखकाचा उल्लेख करायला काय हरकत आहे एवढंच म्हणतोय.

पाचपाखाडीकर
हे 'एवढंच' तीन वर्षं चाललंय.

नेरूळचे_नाना
बेटा, मी तुमच्या धंद्यातला नाही, सरकारी नोकरीत इंजिनिअर होतो, आता निवृत्त. कादंबरीत रारंगढांग ठेव, डोळे मिटून. प्रभाकर पेंढारकरांची, १९८१ ची. मुंबईतली चांगली नोकरी सोडून विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनिअर हिमालयात रस्ता बांधायला जातो आणि वरिष्ठांशी त्याचं वाजतं. मला माझ्या साहेबाने दिली होती, आमचं एका पुलाच्या कामावरून वाजलं त्यानंतर, का दिली ते तेव्हा कळलं नाही. आजवर मी सोळा जणांना भेट दिलीय, एकानेही अर्धवट सोडली नाही. चरित्रात एक होता कार्व्हर, वीणा गवाणकरांचं, तेही १९८१ चंच. गुलामीत जन्मलेला अनाथ मुलगा पुढे भुईमुगाचा शास्त्रज्ञ होतो. आमच्या वेळी दहावीच्या मुलाला हेच द्यायचे. आता मोबाइल देतात. आणि हल्ली दुकानात एसी लावतात पण बसायला स्टूल ठेवत नाहीत, तेही मालकांना सांग.

कसर_लागली
माझ्याकडे पुस्तकांची चार कपाटं आहेत, त्यातलं एक सगळं पहिल्या आवृत्त्यांचं, तेव्हा मला विचाराल तर नव्या छपाईतलं काहीच ठेवू नका. कागद बघा हल्लीचा. आणि कप्पा बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पावसाळ्यात वास यायला लागतो, ठाण्यात ऑगस्टला माझी अख्खी खालची रांग बुरशीने गेली होती. पुस्तक भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. डांबरगोळ्यांनी काही होत नाही, मी करून बघितलंय.

ऐरोली_ते_ठाणे
कप्पा मधोमध आहे काका, पण आमचं गोडाऊन भिंतीला लागून आहे, ते सांगते मालकांना. धन्यवाद. पुस्तक एखादं सांगा ना पण.

कसर_लागली
मी हल्ली वाचत नाही फारसं. जमवतो.

दोन_मुलांची_आई
मुलांच्या पुस्तकांबद्दल बोलू का, कारण हे दुकानवाले कधीच ऐकत नाहीत. एक, सेट ठेवू नका. फास्टर फेणेचा अख्खा सेट बघितला की आमचे हे किंमत बघतात आणि आम्ही डोसा खायला जातो. एक एक सुटं ठेवा. दोन, प्लॅस्टिक काढा. राम मारुती रोडवर एकदा माझ्या मुलाने पुस्तकाचं प्लॅस्टिक फाडलं म्हणून दुकानातल्या माणसाने असं काही बघितलं की तो अजून त्या दुकानात येत नाही, आणि पुस्तक मला घ्यावं लागलं ते वेगळंच, ते निघालं पाचवीच्या वर्गाचं व्याकरण. तीन, मुलांच्या उंचीवर ठेवा, मोठ्यांच्या नाही.
मोठ्या मुलींसाठी चौघीजणी. शांता शेळक्यांनी लिट्ल विमेनचा अनुवाद केलाय तो. मी आठवीत वाचलं, माझ्या मुलीने सहावीत, आणि दोघी एकाच पानावर रडलो. कुठलं ते वाचलेल्यांना कळेल.

पानपलटू
रारंगढांग. अजून कोणी सांगितलं कसं नाही?

पाचपाखाडीकर
नानांनी सांगितलंय, वर बघा.

पानपलटू
मग दोन मतं झाली ना. चांगलंच आहे.

खारघरचे_सर
'काहीही' मध्ये विज्ञानकथा ठेव, यक्षांची देणगी. मी शाळेत शिकवतो, नारळीकरांची गोष्ट मुलांना दरवर्षी सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती टोपण नावाने. आपली आद्याक्षरं उलटी करून ना. वि. जगताप, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं मग कळलं जगताप कोण ते. तुझ्या चिठ्ठीवर एवढं लिहिलंस तरी मुलं पुस्तक उचलतील. मुलांना आईबापांपेक्षा भानगडीत जास्त रस असतो.

सोवळ्यातली_बंडखोर
सगळ्यांनी पुरुषांचीच चरित्रं सांगा हं. स्मृतिचित्रे कुठेय? लक्ष्मीबाई टिळक. शाळेत न गेलेली बाई, नवरा तऱ्हेवाईक, तो ख्रिस्ती झाला आणि घरात आकाश कोसळलं, आणि हे सगळं ती अशी सांगते की बसमध्ये हसू आवरत नाही. तिचं सोवळंओवळं एकेक करत कसं सुटत जातं ते वाचा म्हणजे कळेल मराठी कशी लिहायची. नंतरच्या निम्म्या आत्मचरित्रांत नुसता 'मी' असतो.

नेरूळचे_नाना
ताई, गवाणकर बाईच आहेत.

सोवळ्यातली_बंडखोर
कार्व्हर बाई होता का नाना?

डावखुरा
एक बारीक गोष्ट. काजळमाया वर काकांनी 'साहित्य अकादमी विजेते' असं लिहिलं असेल तर लेखक जी. ए. कुलकर्णींनी तो १९७३ चा पुरस्कार परत केला होता. छपाईच्या वर्षावरून वाद झाला होता.

ऐरोली_ते_ठाणे
लिहिलंय खरंच! लाल पेनाने. आज काकांना सांगितलं. म्हणाले, 'मला माहितीय. त्या वादाचं लिहिलं तर चिठ्ठी पुस्तकाएवढी होईल.'

गल्ल्यावरची_मावशी
आता जरा कामाचं बोलू दे, बाकीचे जेवायला गेलेत तोवर.
चार गुणिले तीन बारा प्रती, २००० मध्ये कमिशन धरूनसुद्धा ओढाताण होणार. म्हणून आधी दुकानात काय पडून आहे ते बघ, मागच्या रांगेत, वरच्या फळीवर. निम्मं तिथेच सापडेल. मागवशील ते न खपल्यास परत घेतात का ते वितरकाला आधीच विचार, नुसतं तोंडी नाही, चलनावर लिहून घे.
चिठ्ठीत अप्रतिम, वाचनीय, संग्राह्य हे शब्द नकोत, ते मागच्या कव्हरवर असतातच. तू कुठे बसून वाचलंस, कुठल्या पानाला थांबलीस ते लिही. आमच्याकडे एकाने बनगरवाडीवर नुसतं लिहिलं होतं, 'मेंढरं नसती आवडत तरी वाचा.' तेच जास्त जायचं.
आणि सगळ्यात महत्त्वाचं. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचून थेट तुझ्याकडे येणार, 'पुढे काय होतं हो?' न वाचलेलं ठेवलंस तर तिथल्या तिथे पकडली जाशील. मी एकदा कोसला न वाचता 'खूप विनोदी आहे' म्हणून विकलं होतं. विनोदी आहेही. पण त्या बाईंच्या घरी नुकतंच काहीतरी वाईट झालेलं, आणि त्यात पांडुरंगाच्या लहान बहिणीचं जे आहे ते त्यांना असं समोर आलं. त्या परत आल्या नाहीत. तिथून पुढे न वाचलेल्याला मी 'मी वाचलेलं नाही, पण लोक नेतात' एवढंच म्हणते.

कोपरीतला_कवी
कविता? संपूर्ण धाग्यात एकही कविता नाही. बहिणाबाईंची गाणी तरी ठेवा राव.

पाचपाखाडीकर
कविता विकली जात नाही.

कोपरीतला_कवी
ठेवली जात नाही म्हणून विकली जात नाही. माझा स्वतःचा संग्रह आहे, पन्नास प्रती घरी पडून आहेत, ताई तुमचा पत्ता द्या, मोफत आणून देतो.

ऐरोली_ते_ठाणे
दादा, मालकांना विचारून सांगते.

सोवळ्यातली_बंडखोर
नाही सांगणार ती.

विष्णुनगर_७८
वेळ आहे ना शनिवारपर्यंत, मग विकत कशाला घेतेस वाचायला. ग्रंथ संग्रहालय आहे ठाण्याचं, १८९३ पासूनचं. वर्गणी भरली की वाचून परत देता येतं. दुकानात काम करणारीला हा सल्ला देतोय म्हणजे मालक मारतील मला.

ऐरोली_ते_ठाणे
मंडळी, यादी दिली एकदाची. रागावू नका.

मावशींनी सांगितलं तशी मागच्या रांगेत चढले तर बनगरवाडीच्या चार प्रती मिळाल्या, वरच्या पानांवर धूळ, आत कोऱ्या. पातळ आहे म्हणून उचललं. ठाणे ऐरोली गाडी म्हणजे वाचायला बसेपर्यंत उतरायची वेळ, तरी तीन दिवस जाता येता वाचलं, आणि काल ठाण्यात दहा नंबरला बाकावर बसून संपवलं, दोन गाड्या सोडल्या. दुष्काळात गाव रिकामं होतं तिथे. 'काहीही' मध्ये तेच ठेवलंय.

कादंबरीत लुचाई. वाचलेली, तीनदा. चिठ्ठीवर लिहिलंय, 'मूळ कल्पना स्टीफन किंगची, घाबरलेली मात्र मी आमच्या ऐरोलीच्या घरात.' डावखुरा, बघा.

मुलांचं माझ्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलाला विचारलं, त्याने न थांबता बोक्या सातबंडे सांगितलं, इथे कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि चरित्र म्हणून रुचिरा.

नेरूळचे_नाना
रुचिरा?? कमलाबाई ओगल्यांचं? ते पाककृतींचं आहे.

ऐरोली_ते_ठाणे
हो नाना. मालक पण हेच म्हणाले. आईची प्रत नेऊन दाखवली त्यांना. लग्नानंतर आली तेव्हा तिला काही येत नव्हतं, त्यातल्या वाट्या चमचे मोजून शिकली. प्रत्येक पानाच्या कडेला तिचं काहीतरी लिहिलेलं आहे. साबुदाणा वड्यापाशी तेलाचा मोठा डाग आणि खाली 'मीठ जास्त. सासूबाई काही बोलल्या नाहीत.' पुढे दोन पानांवर तारीख आणि 'आज बोलल्या.' मालकांनी ते पान दोनदा वाचलं, मग म्हणाले ठेव. आईची प्रत कप्प्यावर नाही ठेवली, नव्या ठेवल्यात, चिठ्ठीत मात्र हेच लिहिलंय.

हिशोब १७४० झाला. उरलेल्यातून मालकांनी एक स्टूल आणलंय, प्लॅस्टिकचं. नाना, तुमच्यासाठी.

दोन_मुलांची_आई
बोक्याचं प्लॅस्टिक काढलंस का?

ऐरोली_ते_ठाणे
एका प्रतीचं काढलं. काका बघत नव्हते तेव्हा.

पानपलटू
रारंगढांग पुढच्या वेळी नक्की.

घोडबंदरचा_वाघ
म्हणजे तुंबाडचे खोत घेतलंच नाही?