अनुभव धागा : रविवारी घरीच होतो आणि मिरवणूक निघाली

सप्टेंबरातला रविवार. डोक्याला तेल, सिंकमध्ये कालची भांडी, काहीही करायचं नाही असं ठरलेलं. शिकागोत लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत सव्वीसाव्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत राहते. दुपारी बाहेर ट्यूबा (बँडमधला मोठा पितळी भोंगा) घुमायला लागला आणि तेलकट वेणीनेच खाली उतरले.

मेक्सिकन स्वातंत्र्यदिनाची परेड! रुंद काठाच्या टोप्या घातलेले ‘चारो’ म्हणजे मेक्सिकन घोडेस्वार घोड्यांवर, आणि घोडे बँडच्या ठेक्यावर खरंच नाचतात; आपल्या वरातीतली घोडी बिचारी नुसती चालते. माझ्यासमोर एका चिमुरडीच्या घेरदार झग्याची कड उसवली. आईने दातात धरलेली पिन काढून चालता चालता टाचली, पोरीने गिरकी थांबवली नाही. शेजारच्या आजींनी न बोलता घडीची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

तुम्ही पाहिलीय का अशी परेड? लिहा. परीक्षण नको, अनुभव हवेत.

सिसेरो (शिकागोला लागून) : कणसाला मेयोनीज फासतात म्हणून मी नाक मुरडलं होतं. वर चीज, तिखट, लिंबू. दोन खाल्ली. आता आपलं भाजलेलं कणीस अळणी लागतं, आईला सांगू नका.

सॅन अँटोनियो (टेक्सास) : ऑफिसात सगळे 5 मेला स्वातंत्र्यदिन समजतात. तो 1862च्या प्वेब्लाच्या लढाईचा दिवस, फ्रेंचांना हरवलं तो. स्वातंत्र्यदिन 16 सप्टेंबर : 1810 साली पाद्री इदाल्गोंनी दोलोरेस गावात चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठवलं. एवढं बोललो की शेजारी मला मोफत ओर्चाता पाजतो. तांदळाचं दालचिनी घातलेलं सरबत.

नेपरविल (शिकागोचं उपनगर) : सगळं गोड नाही हं. त्याच आठवड्यात रात्री झेंडे लावलेल्या गाड्यांचे ताफे शिकागोच्या डाउनटाउनमध्ये भोंगे वाजवत फिरतात. दीड तास अडकले, मागे पोर रडतंय. तरी शेजारच्या गाडीतल्या पोराने खिडकीतून चिप्सचं पाकीट दिलं.

मेक्सिको सिटी (कामानिमित्त दोन वर्षं) : इथली मृतांच्या दिवसाची भव्य परेड प्राचीन वगैरे नाही, 2016पासूनची. आधीच्या वर्षीच्या बाँडपटात तशी दाखवली, मग खरीच काढायला लागले! घरी पितरांसाठी आरास मांडायची प्रथा मात्र जुनी. घरमालकीणबाईंनी माझ्या आजोबांचा फोटोही मांडायला लावला. पुढे काय ठेवू विचारलं तर म्हणाल्या, त्यांना आवडायचं ते. चहा ठेवला, बशीसकट. भोवती झेंडूच झेंडू. झेंडू मूळचा इकडचाच.

धागाकर्ती : झेंडूचं वाचून दसऱ्याचं तोरण वेगळंच दिसायला लागलं. आणि हो, आजींची खुर्ची परत करायला गेले तर पायांत बियांचे घुंगरू बांधलेले, अझ्टेक (मेक्सिकोतले प्राचीन लोक) पद्धतीचे नर्तक आले. मग पुन्हा बसले. भांडी सोमवारी घासली.